गज आणि कंठ : दामोदर केशव दातार यांच्या व्हायोलिनवादनाचा विचार

१

हिंदुस्थानी संगीतातील व्हायोलिनवादकाविषयी लिहिताना आपली संगीतसमीक्षा बहुधा एका शब्दापाशी येऊन थांबते. तो शब्द म्हणजे 'गायकी अंग'. अमुक वादक गायकी अंगाने वाजवितात, त्यांचे व्हायोलिन गाते, असे म्हटले की सांगण्यासारखे सर्व सांगून झाले असा समज होतो. वस्तुतः विचाराला आरंभ व्हावयाचा तो येथूनच. गाणे म्हणजे केवळ स्वरांची सलगता नव्हे. ख्यालात स्वर असतो, लय असते आणि बंदिशीचा शब्दही असतो. व्हायोलिनजवळ शब्द नाही. मग ज्या वाद्याला शब्द नाही ते 'गाते' म्हणजे नेमके काय करते? त्या गाण्यातील कोणता अंश तारेवर उतरतो आणि कोणता मागे राहतो? या प्रश्नांची उत्तरे न देता वापरलेला 'गायकी अंग' हा शब्द गौरवाचा असला तरी अर्थाच्या दृष्टीने पोकळच राहतो.

पं. दामोदर केशव दातार यांच्या वादनाच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करणे दोन कारणांनी उचित ठरते. पहिले कारण असे की, हा शब्द ज्यांच्या नावाला कायमचा चिकटला अशा मराठी व्हायोलिनवादकांत दातारांचे स्थान अग्रभागी आहे. दुसरे कारण असे की, या गौरवामुळेच त्यांच्या वादनाचे मोल काहीसे कमी लेखले गेले. मधुर, मृदू, गळ्यासारखे, या विशेषणांपलीकडे त्यांच्याविषयीचे लेखन क्वचितच जाते. गळ्याची हुबेहूब नक्कल करणारा कसबी वादक अशी जी प्रतिमा त्यातून उभी राहते, ती त्यांच्या कलेला न्याय देणारी नाही. दातारांचे वादन हे गाण्याचे अनुकरण नसून गाण्याचे विवेचन आहे, आणि त्या विवेचनाचे साधन स्वर धरणारा डावा हात नसून गज धरणारा उजवा हात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

दातारांचा जन्म १४ ऑक्टोबर १९३२ रोजी कोल्हापूर येथे झाला. कोल्हापूरचे नाव संगीताच्या इतिहासात येते ते प्रामुख्याने अल्लादियाखाँसाहेबांमुळे. राजर्षी शाहू महाराजांनी खाँसाहेबांना दरबारी आश्रय दिला आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या भूमीत रुजली. पुढे भुर्जीखाँसाहेबांच्या तालमीने ती महाराष्ट्रभर पसरली. हा प्रवाह इतका प्रबळ होता की, कोल्हापूर परिसरातील दुसऱ्या, तितक्याच जुन्या प्रवाहाकडे अभ्यासकांचे काहीसे दुर्लक्ष झाले आहे.

तो दुसरा प्रवाह ग्वाल्हेर गायकीचा. ही गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा हे इचलकरंजीकर. त्यांचे शिष्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडचा आणि विद्याभ्यास मिरजेचा. १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना करून त्यांनी जी शिष्यपरंपरा निर्माण केली, तिच्यातील पं. विनायकराव पटवर्धन मिरजेचे आणि पं. नारायणराव व्यास कोल्हापूरचे. १९३१ साली विष्णु दिगंबरांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे पुत्र दत्तात्रेय अवघे दहा वर्षांचे होते. पित्याची विद्या त्यांना पुढे मिळाली ती विनायकराव व नारायणराव या दोन शिष्यांच्या हातून. म्हणजे पं. द. वि. पलुसकरांच्या गायकीची जडणघडण कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गुरूंनी केली, आणि त्याच गायकीचा वारसा एका कोल्हापूरच्या वादकाने तारेवर जपला. हा योगायोग केवळ भौगोलिक नाही. दातारांच्या वादनाला जे वळण लाभले ते याच परंपरेचे वळण आहे, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

व्हायोलिनचे शिक्षण दातारांनी पं. विघ्नेश्वर शास्त्री यांच्याकडे घेतले, आणि गायकीची दृष्टी त्यांना लाभली ती द. वि. पलुसकरांकडून. पलुसकरांच्या गायनाला ते व्हायोलिनची साथ करीत. २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, पलुसकरांचे अकाली निधन झाले. दातारांनी त्या वेळी नुकतीच तेविशी गाठली होती. ज्या कंठाच्या मागोमाग त्यांचा गज चालत होता, तो कंठ आता उरला नव्हता. पुढील सहा दशकांत दातारांनी मुख्यतः मुंबईत राहून एकल वादक म्हणून लौकिक संपादन केला. १९९५ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २००४ साली पद्मश्री हा सन्मान लाभला. १० ऑक्टोबर २०१८ रोजी, शहाऐंशी वर्षे पूर्ण होण्यास अवघे चार दिवस उरले असता, त्यांचे निधन झाले.

चरित्राची ही रूपरेषा थोडक्यात आटोपते, कारण त्यात घटनांची रेलचेल नाही. परंतु साथीदार ते एकल वादक हे जे स्थित्यंतर तिच्यात दडले आहे, त्याचा अर्थ लावल्यावाचून दातारांच्या कलेचा उलगडा होत नाही.

३

या स्थित्यंतराचा अर्थ कळण्यासाठी साथीच्या वाद्यांचा तत्कालीन इतिहास ध्यानी घ्यावयास हवा. ख्यालगायनाची मूळची साथ सारंगीची. परंतु सारंगीचा संबंध कलावंतिणींच्या मैफलीशी जोडला गेल्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी मध्यमवर्गीय महाराष्ट्राने तिला घरात घेतले नाही. तिची जागा हार्मोनियमने पटकाविली. कोल्हापुरात तर या वाद्याला गोविंदराव टेंबे यांच्यासारखा प्रतिभावंत भेटला. ज्या वाद्यात मींड निघत नाही, ज्याचे स्वर पट्टीला खिळलेले आहेत, त्यातून गायकीचा भास निर्माण करण्याची किमया टेंब्यांनी साधली. तथापि तो भासच होता. एका स्वरातून दुसऱ्या स्वरात सरकत जाणे हा आपल्या संगीताचा प्राण, आणि नेमके तेच हार्मोनियमला अशक्य होते.

याच कारणावरून आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून हार्मोनियमला आपल्या कार्यक्रमांत मज्जाव केला. हा निर्बंध तीस वर्षांहून कमी टिकला नाही. त्याच्या युक्तायुक्ततेविषयी मतभेद आहेत आणि ते राहतील. येथे एवढेच नोंदविणे आवश्यक आहे की, दातारांच्या उमेदवारीचा सारा काळ या निर्बंधाच्या काळात येतो. ध्वनिक्षेपणगृहात गवयाच्या बाजूला गजाच्या वाद्याला जागा मिळाली. सारंगीवादक थोडे होते आणि ते बहुधा उत्तरेचे होते. मराठी घरांतून आलेल्या तरुणाला व्हायोलिन हा एक नवा, प्रतिष्ठित आणि पोटापाण्याचाही मार्ग झाला.

व्हायोलिन भारतीय संगीतात आले ते अर्थात याच्या कितीतरी आधी, दक्षिणेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुत्तुस्वामी दीक्षितारांचे बंधू बालुस्वामी दीक्षितार आणि तंजावरचे वडिवेलु यांनी ते कर्नाटक संगीतात रुजविले. तेथेही त्याची प्रथम प्रतिष्ठा साथीचे वाद्य म्हणूनच झाली. उत्तरेकडे एकल वादनाचा मान त्याला विसाव्या शतकात मिळाला. म्हणजे या वाद्याने आपल्या संगीतात दोनदा प्रवेश केला, आणि दोन्ही वेळा तो गवयाच्या मागच्या दाराने केला.

मागच्या दाराने येणे हे उणेपण मानण्याचे कारण नाही. साथ करणे म्हणजे गवयाची सावली होणे, असे आपण म्हणतो. परंतु सावलीला विचार करावा लागत नाही, साथीदाराला करावा लागतो. गवई जो स्वरवाक्यांश घेतो तो पुरा होण्याच्या आतच साथीदाराने तो उचलायचा असतो. यासाठी त्याला पुढचा स्वर ऐकण्यापूर्वी त्याचा अंदाज बांधावा लागतो. हा वाक्यांश कोठे वळेल, श्वास कोठे घेतला जाईल, मुखडा किती मात्रांवरून उचलला जाईल, याचे अनुमान चुकले तर साथ विसंवादी होते. म्हणून उत्तम साथीदार हा गायकीचा सर्वांत जवळचा वाचक असतो. दातारांचे शिक्षण याच शाळेत झाले. पलुसकरांचे गाणे त्यांनी पाठ केले एवढेच नव्हे, तर ते घडत असताना क्षणाक्षणाला त्याचा अर्थ लावला.

४

या शिक्षणाचे वेगळेपण स्पष्ट व्हावे म्हणून युरोपातील व्हायोलिनशिक्षणाकडे एकवार दृष्टी टाकणे उपयुक्त होईल. तेथे या वाद्याच्या तंत्राची सर्वांत काटेकोर मांडणी ज्यांनी केली त्यांत ओटाकार शेवचिक या चेक आचार्यांचे नाव प्रमुख आहे. १८५२ साली जन्मलेल्या शेवचिकांनी दीर्घकाळ प्राग येथील संगीतविद्यालयात अध्यापन केले. त्यांनी व्हायोलिनवादनातील एकेक अडचण कृतीपासून वेगळी काढली, तिचे अत्यंत सूक्ष्म तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यासाठी स्वतंत्र पाठ रचले. डाव्या हाताच्या पाठांत त्यांनी अर्धस्वरांच्या पायरीचा आधार घेतला. गजाच्या तंत्रावर त्यांनी जो स्वतंत्र ग्रंथ रचला, त्यातील पाठांची संख्या ४००० च्या घरात जाते. त्यांचे शिष्य यान कुबेलिक (१८८०–१९४०) हे एका माळ्याचे पुत्र. प्रागमध्ये शेवचिकांपाशी सहा वर्षे अध्ययन करून ते बाहेर पडले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेतील श्रोत्यांना त्यांच्या हाताच्या सफाईने थक्क केले.

शेवचिकांच्या पद्धतीचे मर्म असे की, हात आधी तयार होतो आणि संगीत मागून येते. कुबेलिकांच्या हाती स्वररचना आली ती लिखित रूपात. गज कोठे खाली ओढायचा, कोठे वर न्यायचा, किती स्वर एका गजात बांधायचे, याच्या खुणाही त्या लिखितात सापडत असत. आपल्या वादकाजवळ असे काहीच नसते. त्याच्या बंदिशीच्या स्वरलेखनात स्वर असतात, मात्रा असतात, कण व मींड यांच्या खुणाही असतात. परंतु गजाची खूण त्यात सामान्यतः नसते, कारण ते लेखन गळ्यासाठी झालेले असते. दातारांच्या पिढीतील वादकाला गजाचा ग्रंथ म्हणून उपलब्ध होता तो फक्त गवयाचा गळा. त्याचा हात आणि त्याचे संगीत ही दोन्ही एकाच वेळी, एकाच ध्वनीच्या मागे जाऊन तयार झाली.

वाद्य धरण्याच्या पद्धतीतही हाच भेद प्रतिबिंबित झाला आहे. पाश्चात्त्य वादक वाद्य हनुवटी व खांदा यांच्यामध्ये धरतो. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे एक टोक छाती-खांद्यापाशी आणि खुंट्यांकडील टोक उजव्या पावलावर टेकवितो. वाद्याला दोन्हीकडून आधार मिळाल्यामुळे डाव्या हातावर त्याचा कसलाही भार राहत नाही. बोट तारेवर हव्या त्या लांबीपर्यंत निर्वेधपणे घसरू शकते. मींड, सूत, गमक या क्रिया याच बैठकीतून शक्य होतात. युरोपीय वादकाला ज्या तारेवर चार बोटांनी स्वतंत्र स्वर 'ठेवावे' लागतात, त्याच तारेवर आपला वादक एकदोन बोटांनी स्वर 'ओढतो'. वाद्य तेच राहिले, पण बैठक बदलली, आणि बैठकीबरोबर वाद्याचा स्वभावही बदलला.

५

गायकी अंगाची चर्चा बहुधा या मींडेपाशीच संपते. डाव्या हाताची मींड गळ्यासारखी, म्हणून वादन गळ्यासारखे, असा तो सरळ हिशेब आहे. परंतु मींड सतारीवरही निघते आणि सरोदावरही निघते. मींड ही गायकीची आवश्यक अट आहे, पुरेशी अट नाही. ख्यालाला ख्यालपण येते ते स्वराच्या व शब्दाच्या नात्यामुळे. ग्वाल्हेर गायकीत तर हे नाते विशेष निकटचे आहे. तेथे बंदिश ही केवळ आलापाला टेकू देणारी खुंटी नसून साऱ्या विस्ताराचा आराखडा असते. स्थायी आणि अंतरा स्वच्छ मांडणे, बोलांच्या अंगाने बढत करणे, बोलतानांत अक्षरांशी लय खेळविणे, ही या गायकीची लक्षणे आहेत. द. वि. पलुसकरांच्या गायनात ती अतिशय निर्मळ स्वरूपात आढळतात. नेमके, आटोपशीर, शब्दांच्या उच्चाराला जपणारे असे त्यांचे गाणे होते. तीनसाडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेतही बंदिशीचा चेहरा पुरा उभा करण्याचे कसब त्यांच्यापाशी होते, आणि त्यांची भजने याच गुणामुळे घरोघरी पोहोचली.

असे शब्दनिष्ठ गाणे ज्याने गुरुस्थानी मानले, त्या वादकापुढील अडचण उघड आहे. स्वराची सलगता बोटाने साधता येईल, पण अक्षराचे काय करावयाचे? येथे उजव्या हाताचे कार्य सुरू होते. उच्चारणाच्या दृष्टीने पाहिल्यास गळ्यातून निघणाऱ्या बोलात दोन घटक असतात. व्यंजन हे क्षणभर ध्वनीला अडविते, आणि स्वरवर्ण त्या ध्वनीला पुढे वाहू देतो. गजाच्या चालीतही हेच दोन घटक आहेत. गजाची दिशा पालटते त्या क्षणी ध्वनीला एक सूक्ष्म धक्का बसतो, आणि एकाच दिशेने गज चालत राहिला की ध्वनी अखंड वाहतो. गजाचा पालट हे व्यंजन आणि गजाची ओढ हा स्वरवर्ण, अशी ही जुळणी आहे. मुखड्यात सहा अक्षरे असतील तर त्या सहा अक्षरांचे वजन गजाच्या पालटांनी दाखविता येते. एक अक्षर दहा स्वरांवर खेळविले असेल तर ते दहाही स्वर एकाच गजात यावयास हवेत. ते दोन गजांत तुटले तर जाणत्या श्रोत्याला एका अक्षराच्या जागी दोन अक्षरे ऐकू येतील, आणि बंदिशीचा पदविन्यास बिघडेल.

दातारांच्या वादनाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यातील ज्या गुणाला आपण सैलपणे 'मृदुता' म्हणतो, तो वस्तुतः शिस्तीचा परिणाम आहे हे ध्यानात येते. आलापात त्यांचा गज लांब आणि संथ चालतो. त्याचा पालट शक्य तितका लपविलेला असतो, कारण आलाप हा बहुतांशी आकाराचा प्रांत आहे आणि आकारात व्यंजनाला जागा नाही. बंदिशीचा मुखडा आला की मात्र पालट जाणवू लागतो. तो ठळक नसतो, पण अक्षराची कड दाखविण्याइतका स्पष्ट असतो. एकाच गजाच्या दोन रीतींनी आकार आणि बोल यांचा हा भेद राखणे, हे त्यांच्या गायकी अंगाचे खरे मर्म होय. ज्याला तो भेद राखता येत नाही त्याचे वादन कितीही गोड असो, ते गळ्याच्या आवाजाचे अनुकरण ठरेल, गायकीचे नव्हे.

गजाची आणखी एक मर्यादा येथे गुणरूप झाली आहे. गजाला लांबी आहे आणि ती कोठेतरी संपते. विलंबित तिलवाडा किंवा झुमरा यांचे सबंध आवर्तन एका गजात मावणे शक्य नाही. गवयाच्या दमसासालाही हीच मर्यादा असते. ग्वाल्हेर गायकीत श्वास कोठे घ्यावा हा केवळ शरीराचा प्रश्न नसून वाक्यरचनेचा प्रश्न असतो. श्वास पदाच्या मध्ये नव्हे, पदाच्या अखेरीस घ्यावयाचा. दातार गजाच्या टोकाशी येतात तेव्हा वाक्यही टोकाशी आलेले असते. गज संपला म्हणून वाक्य तुटले असे होत नाही, तर वाक्य संपले म्हणून गज संपला असे भासते. साथीच्या शाळेत गवयाच्या श्वासाचे जे अनुमान त्यांना क्षणोक्षणी बांधावे लागले, त्याचे हे फळ आहे. कंठ हरपला तरी त्या कंठाचा श्वास गजाच्या मोजमापात शिल्लक राहिला.

६

हे वैशिष्ट्य इतर थोर वादकांच्या संदर्भात ठेवले म्हणजे अधिक उठून दिसते. पं. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) हे स्वतःच श्रेष्ठ गवई होते. त्यांचे वडील अंतुबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. म्हणजे गजाननबुवा आणि दातार या दोघांचेही मूळ एकाच इचलकरंजीकर परंपरेत आहे. गजाननबुवांनी ग्वाल्हेरखेरीज आग्रा व जयपूर या घराण्यांचीही तालीम घेतली. त्यांतील जयपूरची तालीम त्यांना भुर्जीखाँसाहेबांकडून लाभली, आणि त्यामुळे कोल्हापूरचा दुसरा प्रवाहही त्यांच्या गाण्यात येऊन मिळाला. त्यांच्या हाती व्हायोलिन म्हणजे दुसरा गळाच होता. त्यांना अक्षराचा विचार वेगळा करावा लागत नसे, कारण ती अक्षरे त्यांच्या स्वतःच्या मुखात होती. दातारांना तो गळा दुसऱ्याकडून घ्यावा लागला. जे जन्मजात नाही ते समजून घ्यावे लागते, आणि समजून घेतलेल्या गोष्टीत विश्लेषणाचा अंश अटळपणे येतो.

सातारा भागातून पुढे आलेले पं. विष्णु गोविंद जोग (१९२२–२००४) यांचा मार्ग वेगळा होता. लखनौला आचार्य रातंजनकरांचे आणि पुढे उस्ताद अल्लाउद्दीनखाँसाहेबांचे मार्गदर्शन लाभलेल्या जोगांनी व्हायोलिनला तंतकारीची चमक दिली. लयीची खेळकर छेडछाड आणि गजाचे तुटक, चपळ आघात हे त्यांचे बळ. त्यांचा गज अक्षर दाखविण्यासाठी नव्हे, तर लयीला चिमटा काढण्यासाठी पालटतो. बिस्मिल्लाखाँसाहेबांच्या सनईशी त्यांच्या ज्या जुगलबंद्या झाल्या, त्यांत ही चपळाई विशेष खुलली. वादन म्हणून ते अधिक स्वयंपूर्ण वाटते, याचे कारण ते गाण्याच्या स्मृतीवर कमी अवलंबून आहे.

दातारांशी अधिक निकटची तुलना होते ती डॉ. एन. राजम यांच्याशी. त्यांचे गुरू पं. ओंकारनाथ ठाकूर हेही विष्णु दिगंबरांचे शिष्य. एकाच वृक्षाच्या दोन फांद्यांवरील दोन कंठ दोन व्हायोलिनांत उतरले. ओंकारनाथांचे गाणे नाट्यमय होते, आवाजाच्या चढउतारावर आणि भावाच्या आवेगावर त्याची भिस्त होती. राजम यांच्या वादनात तो आवेग आणि तो विस्तार आढळतो. पलुसकरांचे गाणे संयत व रेखीव होते, आणि दातारांच्या वादनात तो संयम दिसतो. यावरून एक सिद्धांत मांडता येईल. 'गायकी अंग' ही एक शैली नाही. जितके गळे तितकी ती अंगे आहेत. म्हणून वादकाविषयी गायकी अंगाचा उल्लेख करताना ते कोणत्या गायकीचे अंग, हे सांगणे समीक्षकाचे कर्तव्य ठरते.

७

दातारांच्या मार्गाची जी किंमत त्यांना मोजावी लागली, तिचाही निर्देश येथे करणे प्राप्त आहे. गजाने अक्षर सुचविता येते, पण ते उच्चारता येत नाही. सुचविलेले अक्षर ओळखण्यासाठी श्रोत्याच्या मनात बंदिश आधीच वसत असावी लागते. ज्याने ती बंदिश कधी ऐकली नाही, त्याला गजाच्या त्या सूक्ष्म पालटात केवळ एक गोड थरथर ऐकू येते. कोल्हापूर-मिरजेच्या, पुण्या-मुंबईच्या ज्या श्रोत्यांनी पलुसकरांची बंदिश आणि भजने कानात साठविली होती, त्यांच्यापुढे दातार वाजवीत तेव्हा निम्मे गाणे श्रोताच गात असे. भजन किंवा नाट्यपद व्हायोलिनवर रंगते त्याचेही कारण हेच, की तेथे शब्द वादकाच्या तारेवर नसून श्रोत्याच्या ओठांवर असतो. परंतु असा श्रोता दिवसेंदिवस विरळ होत आहे. ऐकण्याची स्मृती ओसरली की या वादनातील अर्थाचा एक थर नाहीसा होतो आणि उरते ते केवळ माधुर्य. दातारांना 'मधुर' या एका विशेषणात कोंबणारी समीक्षा ही वादकाच्या उणिवेपेक्षा श्रोत्याच्या विस्मृतीची साक्ष देते.

दुसरी मर्यादा लयीच्या प्रांतातील आहे. तंतकारीतील झाला, छंदांची गुंतागुंत, तबल्याशी आवेशाने होणारी सवालजवाबाची झुंज, यांची अपेक्षा करणाऱ्याला दातारांचे वादन शांत, प्रसंगी अतिशांत वाटण्याचा संभव आहे. हा आक्षेप निराधार नाही. व्हायोलिनची जी स्वतःची सामर्थ्ये आहेत त्यांतील काहींकडे त्यांनी पाठ फिरविली, हे मान्य करावेच लागेल. परंतु जे करता आले नाही आणि जे करावयाचे नाकारले, या दोहोंत समीक्षेने फरक केला पाहिजे. पलुसकरांच्या गाण्यातही आवेशाला जागा नव्हती. ज्या गाण्याचा अर्थ लावण्यात दातारांनी आयुष्य वेचले, त्या गाण्याच्या मर्यादा त्यांनी आपल्या मानल्या. ही निष्ठा कलेला संकुचित करते की खोल करते, याचा निर्णय प्रत्येक वादनातून नव्याने करावा लागेल. सरसकट निर्णय देणे योग्य होणार नाही.

पुढील पिढीत या वादनाचा वारसा कसा गेला हे पाहिले असता एक अर्थपूर्ण गोष्ट दिसते. गोव्याचे मिलिंद रायकर यांनी दातारांकडे शिक्षण घेतले, आणि नंतर ते गायकीसाठी गानसरस्वती किशोरी आमोणकर यांच्याकडे गेले. म्हणजे दातारांचा शिष्यही वाद्याच्या पलीकडे कंठाच्या शोधात गेला. यात गुरूचा अव्हेर नसून गुरूच्या पद्धतीचे पालन आहे. या परंपरेत व्हायोलिनवादकाचे शिक्षण व्हायोलिनपाशी पुरे होत नाही. प्रत्येक पिढीने आपला कंठ नव्याने शोधावयाचा असतो.

अभ्यासकांपुढील कार्यही यातूनच सूचित होते. कुबेलिकांच्या पिढीचा गज कसा चालत असे हे आज शेवचिकांच्या छापील पाठांवरून कोणासही समजावून घेता येते. दातारांचा गज कसा चालत असे हे सांगणारा एकही पाठ आपल्यापाशी लिखित स्वरूपात नाही. त्यांची ध्वनिमुद्रणे मात्र उपलब्ध आहेत. पलुसकरांनी गायिलेली एखादी बंदिश आणि तोच राग दातारांनी वाजविलेला, अशी दोन ध्वनिमुद्रणे समोर ठेवून श्वास व गज यांच्या जागा मात्रेनुसार टिपल्या, तर वर मांडलेले प्रतिपादन कोठे टिकते आणि कोठे टिकत नाही याची परीक्षा होईल. त्यासाठी स्वरलेखनात गजाच्या खुणेची भर घालावी लागेल, आणि ती भर घालणे अवघड नाही. ज्या प्रदेशात ही गायकी वाढली आणि जेथे हा वादक जन्मला, तेथील संगीतविभागाने हे काम हाती घेणे सर्वस्वी उचित होय. असे झाले तर 'व्हायोलिन गाते' हे वाक्य केवळ प्रशंसेचे न राहता तपासून पाहता येईल असे विधान होईल, आणि दातारांना त्यांच्या कलेच्या तोलाची समीक्षा लाभेल.